रौप्यमहोत्सवाची वर्गणी: इंजिनिअरिंग कॉलेजला पैसे कोण देतं, आणि का?

नाइलाजाचा_खजिनदार

मंडळी, एक सल्ला पाहिजे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी मेकॅनिकल, २००० ची बॅच. कॉलेज मराठवाड्यातलंच, सरकारी. नाव मुद्दाम घेत नाही. मूळ गाव गेवराई तालुक्यात, आता वाळूज एमआयडीसीत छोटं जॉबवर्क आहे. तीन सीएनसी, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची यंत्रं), अकरा माणसं. येत्या डिसेंबरात बॅचला पंचवीस वर्षं होतायत. पुण्या-मुंबईकडच्या पोरांनी (पोरंच म्हणायचं अजून, चाळशी सगळ्यांना लागलीय) ठरवलं की स्नेहमेळावा करायचा आणि कॉलेजला काहीतरी द्यायचं. 'तू तिथंच राहतोस' या एका गुणावर मला खजिनदार केलं.

वर्गात आम्ही ६४. ग्रुपवर ५७. ठरवले १० लाख. सहा आठवड्यांत जमले ३,४१,०००, तेही १९ जणांचे. पैसे कमी जमले याचं एवढं काही नाही. मला कोड्यात टाकलंय ते या एकोणीस नावांनी.

पहिले पैसे कुणाचे आले? ज्याचं वर्ष गेलं होतं त्याचे. एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, चार वेळा गटांगळ्या खाऊन पाच वर्षांनी बाहेर पडलेला गडी. ५१,०००, एका फटक्यात. वर्गात चार मुली होत्या, चौघींनी दिले, फोनसुद्धा करावा लागला नाही. टॉपर म्हणाला, 'बघतो रे'. बाणेरला मोठा फ्लॅट असलेला मित्र अंगठा दाखवून गेला, म्हणजे इमोजीतला. आणि सगळ्यात कहर, जालन्याचा एक जण. थर्ड इयरपर्यंत आमच्याबरोबर होता, वडील वारले, शिक्षण सुटलं, हार्डवेअरचं दुकान टाकलं. पदवी नाही. कागदोपत्री तो माजी विद्यार्थीच नाही. त्यानं ११,००० पाठवले. मी फोन करून म्हणालो, अरे तू कशाला? तर म्हणे, 'मला ग्रुपात घेतलंय ना? मग?'

बरं, माणसं कंजूष आहेत म्हणावं तर तसंही नाही. टॉपर आमच्या शेजारच्या गावचा. मागच्या सालच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी भोंग्यावरून देणगीदारांची यादी वाचली, त्यात साहेबांचे ३१,०००. मी स्वतः पंगतीत बसून ऐकलंय.

प्राचार्यांना भेटलो तर त्यांनी काचेखालचं कात्रण दाखवलं. नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, त्याआधीचे ८५ धरून ४०० कोटी. त्याच वर्षी तिथल्या १९९८ च्या बॅचनं रौप्यमहोत्सवाला ५७ कोटी जमवले. मी म्हणालो, सर, आमचे सध्या तीन लाख. त्यांना स्वागत कमान पाहिजे, तिच्यावर आमच्या बॅचचं नाव. ग्रुपवर 'कमान' टाकलं आणि दोन दिवस कुणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही.

तर देणारा का देतो, न देणारा का देत नाही, आणि मी दुसरा मेसेज काय लिहू? पहिला 'मातृसंस्थेचे ऋण फेडण्याची सुवर्णसंधी' असा होता. मी नव्हता लिहिला. बंगलोरच्या एकानं लिहिला, आणि त्यानंही बहुतेक यंत्राकडूनच लिहून घेतला.

आकडेमोड_लातूर

आधी हे सांगा, पैसे घेताय कुठल्या खात्यात?

नाइलाजाचा_खजिनदार

माझ्याच नंबरवर, यूपीआयनं.

आकडेमोड_लातूर

वाटलंच मला. आज बंद करा. उद्या आयकरवाल्यांनी विचारलं की खात्यात हे साडेतीन लाख कसले, तर ग्रुपचे स्क्रीनशॉट दाखवत बसाल. कॉलेजची माजी विद्यार्थी संघटना नोंदलेली आहे का ते बघा. १८६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय कार्यालयाचा नंबर, पॅन आणि ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, पत्र. एवढं असेल तर त्यांच्या खात्यात वळवा. नसेल तर आधी ते उभं करा, मेळावा नंतर.

आता तुमचा प्रश्न. लोक कर वाचवायला देतात असं खूप जण म्हणतात, आणि मी सीए असून सांगतो की हे बोगस आहे. अशा संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीत साधारण निम्म्या रकमेची वजावट, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे ३० टक्क्यांच्या गटातल्या माणसानं १०० रुपये दिले तर कर वाचतो १५, सेस धरून साडेपंधरा-सोळा. शंभर घालवून पंधरा वाचवायला कोण जाईल? त्यात नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही, आणि २०२३-२४ पासून न सांगता लागू होते ती नवीच. तुमच्या नोकरदार मित्रांपैकी बहुतेकांना यातून दमडी मिळणार नाही.

तरी पावती वेळेवर द्या. २,००० वर रोख घेतलीत तर वजावट नाही. वर्ष संपल्यावर संस्थेनं १०बीडी, म्हणजे देणग्यांचं विवरणपत्र, भरायचा आणि देणाऱ्याला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं. ज्या संस्थेकडून ते प्रमाणपत्र मागून मागून घ्यावं लागतं तिला माझे अशील दुसऱ्या वर्षी एक रुपया देत नाहीत. त्यांना करात काही मिळणार नसलं तरी! दिलेल्या पैशाची कुणी दखल घेतली एवढं तरी कळावं म्हणतात.

दोन_एकर_विकलेले

खजिनदार, तुम्ही सरकारी कॉलेजातले म्हणून हा प्रश्न तुम्हाला पडतो. आमच्या घरात 'इंजिनिअरिंगला डोनेशन' म्हटलं की माझी आई अजून उठून आत जाते.

१९८३ ला वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. आपल्याकडं सरकारी एक औरंगाबादला १९६० पासून, नांदेडचं १९८१ चं, मग आली ही नवी. वाईट झालं म्हणत नाही. ती नसती तर मी आज कुठल्या तरी मोंढ्यात मुनीम असतो. १९८७ ला कॅपिटेशन फी घ्यायला बंदी करणारा कायदा झाला. १९८८ ला माझ्या बापानं दुधनेकाठची दोन एकर काळी विकली आणि पैसे पिशवीत घालून एका संस्थेच्या माणसाला दिले. पावती नाही. 'देणगी आहे, मनापासून देताय ना?' असं विचारलं होतं त्या माणसानं. बाप 'हो' म्हणाला. काय म्हणणार?

तीच संस्था आता दर चार-पाच वर्षांनी मला फोन करते. माजी विद्यार्थी मेळाव्याला या, फॉर्म भरा, फोटो काढू. एवढं प्रेम अचानक कुठून, तर नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती यायची असते. पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचे गुण आहेत. मी जातो, जेवतो, फोटोत उभा राहतो. पैसे नाही देत. ते अगोदरच दिलेत.

तुमच्या 'बघतो रे'वाल्यांमध्ये असं दुखणं घेऊन बसलेला कुणी आहे का तेवढं बघा. सगळेच कंजूष नसतात.

नाइलाजाचा_खजिनदार

दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यात दोघं जण पहिली दोन वर्षं खाजगीत काढून नंतर बदलून आलेले आहेत. दोघांनीही दिले नाहीत. त्यांना आता विचारणारही नाही.

शॉप_फ्लोअर_निवृत्त

नमस्कार. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं होतो, २०१६ ला सुटलो. फिटिंग आणि मशीन शॉप. पोरं फाइलिंगचा जॉब घेऊन यायची, मी काटकोन्या लावून उजेडात धरायचो, फटीतून उजेड दिसला की परत. आज तुमच्यासारखे कारखानदार लग्नात भेटले की पाया पडतात आणि म्हणतात, सर, तो उजेड अजून स्वप्नात येतो.

देणगी कशी वाया जाते ते सांगतो, त्यातून तुमचं उत्तर निघालं तर बघा.

एका बॅचनं आमच्या शॉपला सीएनसी ट्रेनर लेथ दिला. चांगली किंमत मोजून. नारळ फोडला, संगमरवराची पाटी लावली, पेढे वाटले. मशीनला लागणारी थ्री फेज लाइन आमच्या पॅनेलवर मोकळी नव्हती. ती यायला सात महिने गेले. मशीन चालू झालं, पोरं खूश, मीही खूश. दुसऱ्या उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि ड्राइव्हचं कार्ड उडालं. स्टॅबिलायझर कुणी दिला नव्हता. कार्डाचे चाळीस हजार. कुठल्या शीर्षाखाली खर्च टाकायचा यावर फाइल फिरली, फिरली आणि कुठंतरी बसली. मी सुटलो त्या दिवशीही मशीनवर निळं कव्हर होतं. पाटी मात्र शिपाई रोज पुसायचा.

तिच्या शेजारी साठ-सत्तरच्या दशकातले आमचे जुने ऑल-गिअर लेथ. ते चालूच. बेल्ट, टूल बिट (धातू कापायची पाती), कूलंट, एवढंच लागतं त्यांना, आणि ते मी कसंबसं भागवायचो. कसंबसं म्हणजे काय? तर गावातला एक टूल्सचा दुकानदार दर जूनमध्ये एचएसएस टूल बिटचा एक डबा आणि हॅकसॉ ब्लेडांचा गठ्ठा पाठवायचा. पैसे घ्यायचा नाही. तो शिकलेला सातवी. एकदा विचारलं, का देता? तर म्हणाला, 'सर, तुमची पोरं इथं ब्लेड मोडायला शिकली तरच पुढं माझ्या दुकानात ब्लेड घ्यायला येतील.' हसला. मग म्हणाला, 'आणि मला आत येऊन मशीन बघू देता तुम्ही.' दर वर्षी तो डबा द्यायला यायचा आणि तासभर उभा राहून पोरं थ्रेड कशी कापतात ते बघायचा. माजी विद्यार्थी नव्हता, कुणी नव्हता. चौतीस वर्षांत वर्कशॉपला सगळ्यांत उपयोगी पडलेला देणगीदार तो.

सप्ताहाचं तुम्हीच लिहिलंय की. सप्ताहाला माणूस का देतो? वर्गणी मागायला ओळखीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात येतो. सात दिवसांत पैशाचं काय झालं ते डोळ्यांसमोर दिसतं, भाजी, पुरी, बुंदी, कीर्तनकाराची बिदागी. शेवटी यादी वाचतात. आणि देणारा स्वतः त्याच पंगतीत बसतो. तुमच्या कमानीखाली कोण जेवणार आहे?

यंत्र द्यायचं असेल तर पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला ठेवून द्या. तेवढे नसतील तर यंत्र देऊ नका, ऑइल द्या.

मिशिगनकर_परभणीचा

सरांचा उजेड मीही बघितलाय, दुसऱ्या कॉलेजात. १९९७ ला सुटलो, मग इकडं एका सरकारी विद्यापीठात एमएस, आता गाड्यांच्या कंपनीत.

कबूल करायला लाज वाटते, पण मी ज्या विद्यापीठात दोनच वर्षं होतो, पूर्ण फी भरून होतो, त्याला गेली अठरा वर्षं दर वर्षी पैसे देतो. सुरुवात पन्नास डॉलरपासून. ज्या कॉलेजनं जवळपास फुकटात चार वर्षं शिकवलं त्याला आजवर शून्य. कारण विचाराल तर एकच. इकडच्यांनी मागितले.

दर फेब्रुवारीत एका संध्याकाळी फोन येतो. ऑफिसातला कुणी नसतो, शिकणारं पोरगंच असतं, त्याला तासाचे पैसे देऊन बसवलेलं. 'तुम्ही अमुक प्रयोगशाळेत होतात ना? मी आता तिथंच आहे.' आधी दहा मिनिटं गप्पा, मग मागणी. कंपनीही तेवढेच पैसे वरून घालते, माझ्या पन्नासाचे शंभर होतात. मे महिन्यात पत्र येतं, तुमच्या पैशाचं हे केलं. पुढच्या फेब्रुवारीत परत फोन. परभणीच्या माणसाला फोनवर 'नाही' म्हणता येत नाही हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

इथं सगळे देव आहेत असं समजू नका. काही जण पोराच्या प्रवेशावर डोळा ठेवून देतात, काहींना इमारतीवर नाव पाहिजे असतं. इथल्या विद्यापीठांच्या एका मोठ्या क्रमवारीत तर माजी विद्यार्थ्यांपैकी किती टक्के देतात यालाही गुण होते, २०२३ ला ते काढले. आपल्याकडं सीईटी आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या असल्यामुळं सरकारी कॉलेजला पैसे देऊन पोराला जागा मिळत नाही. म्हणजे त्या हिशेबानं तुमचे एकोणीस जण जास्त शुद्ध. जेम्स अँड्रिओनी नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९९० मध्ये मांडलं की पैशाचं पुढं काय होतं यापलीकडं, देण्याच्या क्रियेतच देणाऱ्याला एक ऊब मिळते आणि माणूस तिच्यासाठीही देतो.

ग्रुपवरच्या मेसेजनं ती ऊब येत नाही. ती गावजेवणाची दवंडी झाली. घरी येऊन अक्षत दिली तरच माणूस लग्नाला जातो. तुम्ही ३८ जणांना एकेक फोन करा.

नाइलाजाचा_खजिनदार

ऊब पाहिजे असेल तर मे महिन्यात वाळूजला या मालक, शेडचा पत्रा दाखवतो. पण अक्षतीचं पटलं. तुमचे पैसे कधी पाठवताय?

आकडेमोड_लातूर

थांबा थांबा. मिशिगनकर, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत खुशाल पाठवा. अमेरिकन नागरिक झाला असाल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं) कार्ड असलं तरी, तर तो पैसा परदेशी ठरतो आणि घेणाऱ्या संस्थेकडं एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी संस्थेला किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत. बॅचच्या ग्रुपला हे झेपणार नाही.

मिशिगनकर_परभणीचा

निळा पासपोर्ट. भारतीयही निळाच असतो म्हणा, पण माझा दुसरा. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा द्यायला निघालो तर हे.

तेरणाकाठ

मी सिव्हिलची, १९९९. खजिनदारांनी लिहिलंय की चारही मुलींनी न विचारता दिले. त्याच्यावर कुणीच काही बोललं नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. मी अकरावीला होते. घरातली दोन माणसं गेली, त्यावर इथं लिहीत नाही. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर धाब्याचं माळवद, त्याचं सगळं ओझं एकदम खाली. ज्यांची घरं कुडाची होती ती वाचली. हे का झालं ते कळावं म्हणून सिव्हिल घेतलं असं मुलाखतीत सांगायची पद्धत आहे. मी घेतलं कारण तेवढ्याच मार्कांत तेवढंच मिळत होतं. कारण नंतर कळलं.

१९९५ ला कॉलेजात आले तेव्हा घर म्हणजे पत्र्याचं शेड होतं. ट्यूशन फीची सवलत होती. मेसची नव्हती, पुस्तकांची नव्हती आणि ड्राफ्टरची (ड्रॉइंग बोर्डावर रेघा-कोन काढायच्या साधनाची) नव्हती. ज्यांनी ड्रॉइंग शीट काढल्यात त्यांना माहितीय, मिनी ड्राफ्टर नसला की फर्स्ट इयरला माणूस लंगडा. दुकानात किंमत विचारली आणि तशीच परत आले.

होस्टेलवर तिसऱ्या वर्षाची एक ताई होती, इलेक्ट्रॉनिक्सची, बीडकडची. फार बोलायची नाही. एका रात्री माझ्या खाटेवर ड्राफ्टर ठेवून गेली. जुना, एका सांध्याचा स्क्रू बदललेला, पट्टीवरचे सेंटिमीटरचे आकडे निम्मे पुसलेले. कव्हरच्या आतल्या बाजूला करकटकानं कोरलेली चार नावं, वर्षासकट. पहिलं १९८६ चं. चौथं तिचं. तिनं सांगितलं, 'सेकंड इयर संपलं की तुझं नाव घाल आणि खालच्या पोरीला दे. विकायचा नाही. हरवला तर नवा घेऊन द्यायचा.' बस. याच्या वर ती माझ्याशी दोन वर्षांत फार तर दहा वाक्यं बोलली असेल.

मी पाचवी. माझ्यानंतर किती झाल्या माहिती नाही. आता सगळं कॅडवर, म्हणजे संगणकावर, गेलं, ड्राफ्टर कुठल्या तरी माळ्यावर असेल.

तुमच्या वर्गातल्या चौघींना विचारून बघा, पण माझा अंदाज असा. चौसष्टात चार म्हणजे प्रत्येकीला कुणीतरी काहीतरी दिल्याशिवाय चार वर्षं निघालीच नसतील. कुणी जर्नल, कुणी होस्टेलची खोली, कुणी घरी येऊन वडलांची समजूत काढली. लग्नातला आहेर आपण वहीत लिहून ठेवतो ना, कुणाकडून किती आलं, म्हणजे त्यांच्याकडं कार्य निघालं की नेता येतं. बायकांची ती वही डोक्यात असते. फक्त इथं ज्याचं घेतलं त्याच्या घरी कार्य नसतं, म्हणून खालच्या पोरीकडं न्यायचं. एम-थ्रीवाल्या तुमच्या मित्राचंही मला तसंच वाटतं. पाचव्या वर्षी त्याला कुणी शिकवलं ते विचारा. टॉपरला सगळं स्वतःच्या जिवावर मिळालंय असं वाटत असणार, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असेल. त्याच्या वहीत नोंदच नाही.

आता कामाचं. मी नऊ वर्षं दोन मुलींची मेस भरते, थेट. त्यातून कळलं ते असं. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना राज्यात ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मागासवर्गीयांना शिष्यवृत्त्या आहेत, मुलांना निम्मी सवलत आहे. फीसाठी पोरं अडत नाहीत. अडतात ती ऑगस्ट ते फेब्रुवारीत. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर पडेपर्यंत मेसवाला थांबत नाही, होस्टेलचं डिपॉझिट थांबत नाही. बाप सावकाराकडं जातो किंवा पोरगा गावाकडं. तेवढे सहा महिने कुणी हात दिला, बिनव्याजी, तर पैसे परत येतात आणि पुढच्याला जातात. माझ्याकडच्या अठरांपैकी सोळा जणींनी परत केले, मी मागितले नसताना. दोघींनी नाही केले. एकीचं लग्न झालं, दुसरीचं मी विचारलं नाही.

कमान बांधू नका.

दोन_एकर_विकलेले

ताई, त्या दोन मुलींच्या मेसमध्ये यंदा तिसरी घाला. पैसे कुठं पाठवू ते निरोपात कळवा. संस्थेला देत नाही म्हणालो होतो, ते तसंच आहे.

नाइलाजाचा_खजिनदार

तीन आठवड्यांनी परत आलोय. ज्यांनी लिहिलं त्यांना हिशेब द्यायला पाहिजे.

सीएसाहेब, पैसे संघटनेच्या खात्यात वळवले. तिची नोंदणी होती, ८०जीही होतं. फक्त सहा वर्षांत कुणी पासबुक भरून आणलं नव्हतं. शिल्लक निघाली ४,२१२ रुपये.

आता तीन जणांची सही ठेवलीय. आमच्यातल्या चार मुलींपैकी एक, वर्कशॉपचे एक निवृत्त सर (आमचे, इथले नव्हेत) आणि मी. कमान रद्द. फिरता निधी, फक्त मेस आणि होस्टेल डिपॉझिटसाठी, बिनव्याजी, शिष्यवृत्ती आली की परत. ७५,००० वेगळे, ते वर्कशॉपच्या ऑइल-कूलंट-टूल बिटला, तीन वर्षांत मिळून. प्राचार्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनीच एका पोराचं नाव सांगितलं, सेकंड इयरचा, दिवाळीला गेला तो आलाच नव्हता. आम्ही मेसवाल्याला चार महिन्यांचे दिले. परवा परत आलाय. वर्कशॉपच्या दारात दिसला, अ‍ॅप्रनवर अजून घडीच्या रेघा होत्या. मी ओळख दिली नाही, त्यालाही कळायचं कारण नाही.

मेसेज लिहिलाच नाही. ३६ फोन केले, बदलून आलेले दोघं सोडून. रोज जेवणानंतर दोन-तीन. पहिली दहा मिनिटं पैशाचं काढायचंच नाही असं ठरवलं होतं, पण बऱ्याच ठिकाणी तासभर पैशाचं निघालंच नाही. आणखी १७ जणांनी दिले. एकूण ७,०८,०००. दहा लाख काही होत नाहीत, आणि आता त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

एम-थ्रीवाल्याला विचारलं. पाचव्या वर्षी त्याला गणिताच्या एका सरांनी रोज सकाळी सहाला घरी बोलवून शिकवलं होतं. चहा देऊन. आम्हाला कुणालाच माहिती नव्हतं. सर आता नाहीत.

टॉपरनं ३१,००० दिले. सप्ताहाएवढेच, बरोब्बर. मी म्हणालो, यादी भोंग्यावरून वाचू का? शिव्या दिल्या.

एक अडचण उरलीय. कॉलेजनं देणगीदारांचा तक्ता मागितलाय, पुढच्या नॅकसाठीच. त्यात 'उत्तीर्ण वर्ष' असा रकाना आहे. जालन्याच्या गड्यापुढं काय लिहावं म्हणून त्यालाच फोन लावला. तो गिऱ्हाईक करत होता, मागं खिळे मोजल्याचा आवाज. म्हणाला, 'अरे, फर्स्ट इयरचं वर्कशॉप पास झालो होतो ना मी. चौऱ्यांशी मार्क होते. ते लिही.'

९७ लिहिलंय. तक्ता उद्या देतोय.